सहा डबे वर, पाच खाली

पार्सिपनी

ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या आगगाड्या बघायला जाणार असाल तर एक स्वेटर जास्तीचा घ्या आणि तो पांढरा घेऊ नका. वाफेच्या इंजिनामागच्या पहिल्याच डब्यात बसायचा मोह सगळ्यांना होतो. त्या डब्यात काजळी केसांत जाते, डोळ्यांत जाते, सँडविचमध्येही जाते. माझा स्वेटर तीनदा धुऊन झाला, अजून राखाडीच आहे. हे व्यवहाराचं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं इतकं सरळ नाही.

आम्ही तिघं निघालो होतो. मी, माझी सोळा वर्षांची मुलगी इरा आणि माझे वडील, आप्पा. नवऱ्याची त्या वीकेंडला ऑन-कॉल ड्युटी होती, म्हणून तो घरी राहिला. आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेजवर ते इंजिनात कोळसा घालणारे फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. अर्धी नोकरी वाफेच्या इंजिनावर, उरलेली डिझेलवर. आता ती लाईन ब्रॉडगेज झाली आहे आणि त्यांची छोटी इंजिनं कुठे कुठे चौथऱ्यांवर उभी आहेत. इथे वाफेचं इंजिन अजून गाडी ओढतं म्हटल्यावर त्यांना ते दाखवायला न्यायचं, हे तर उघडच होतं.

पण सहलीचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटते. आई गेल्यापासून आप्पा नागपूरला एकटे राहतात. उन्हाळ्यात त्यांनी दूध गॅसवर ठेवलं आणि पातेलं काळं होईपर्यंत विसरले. पुढच्याच महिन्यात बँकेतून घरी येताना रस्ता चुकले, शेजारच्या काकांनी स्कूटरवर बसवून आणलं. पुण्याहून दादाचा फोन आला, "मंजू, बास झालं आता." त्याने आपल्या घराजवळच्या एका वृद्धनिवासात खोली बघून ठेवली होती. मी म्हटलं, आधी तीन महिने माझ्याकडे येऊ देत, मी नीट बघते, मग ठरवू. म्हणून आप्पांचं परतीचं तिकीट फक्त मुंबईपर्यंत काढलं होतं. पुढचं नागपूरचं काढायचं की पुण्याचं, हे मी रविवारी संध्याकाळपर्यंत दादाला सांगायचं होतं. सोमवारी त्याला त्या खोलीचं हो की नाही कळवायचं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करते. दुसऱ्याने केलेल्या कामातले दोष शोधणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तीन महिने मी माझ्या वडिलांनाही तसंच टेस्ट करत होते. फोनमध्ये एक नोट उघडली होती, तिला नाव दिलं होतं ‘आप्पा’. चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, लिहिलं. वार चुकला, लिहिलं. आप्पांना यातलं काही माहीत नाही, अशी माझी खात्री होती.

पहिला दिवस, शेतांमधून

आमच्या गावाहून, पार्सिपनीहून, अडीच-तीन तासांवर शेतीचा मुलूख लागतो. मक्याची कापणी झालेली, पिवळी खुंटं उभी. आमिश शेतकरी अजून खेचरं लावून नांगरतात, विजेची तार घरात घेत नाहीत, काळ्या बग्गीतून बाजारात जातात. आप्पा काचेला नाक लावून बघत होते.

"अमेरिकेत येऊन बैलगाडीच पायली मी," ते म्हणाले.

गाडीचं स्टेशन लाकडी, खेळण्यातल्यासारखं रंगवलेलं. पण इंजिन खेळण्यातलं नव्हतं. आप्पा त्याच्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी डोळे मिटून वास घेतला. गरम तेल, वाफ आणि कोळसा. मला तो वास त्यांच्या खाकी शर्टाला यायचा म्हणून माहीत होता. मी उगाच तिकिटं शोधायला लागले.

इंजिनावर फावड्याने कोळसा घालणारा माणूस निवृत्त दंतवैद्य निघाला. आठवड्यातून दोन दिवस हौसेने, बिनपगारी येतो म्हणाला. इराने ते आप्पांना समजावून सांगितलं. आप्पांनी त्याच्या हातांकडे बघितलं.

"आम्ही ड्यूटी कधी संपते म्हणून घड्याळ पायत होतो," ते म्हणाले, "आन् हे लोक फुकट करून राहिले."

डब्यात चढताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "साखळी कुठं आहे?" कुठल्याही गाडीत बसले की आधी ते साखळी कुठे आहे ते बघतात. वापरायला नव्हे. साखळी ओढणाऱ्या लोकांचा त्यांना भयंकर राग. आमच्या लहानपणी घरातल्या सगळ्या शिव्यांपैकी निम्म्या चेनपुलिंगवाल्यांच्या वाट्याला जायच्या. इथे साखळी नव्हती. दाराजवळ छताखाली एक दोर होता आणि त्याला लाल लाकडी मूठ. आप्पांनी ती बघून मान हलवली आणि खिडकीशी बसले.

दुपारी एका मोठ्या जेवणघरात गेलो. तिथे लांब टेबलांवर परातीएवढ्या बाऊलमध्ये उकडलेला मका, कुस्करलेला बटाटा आणि चिकन येतं, आणि सगळ्यांनी मिळून वाढून घ्यायचं असतं, अगदी आपल्या पंगतीसारखं. फक्त आग्रह करणारं कोणी नसतं. आप्पांनी खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली आणि बटाट्यात कालवली. शेवटी काकवी भरून भाजलेला, इथे ज्याला ‘पाय’ म्हणतात तो गोड पदार्थ आला, तो त्यांनी दोनदा घेतला.

पण त्याआधी एक गोष्ट घडली होती. आत शिरताना वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, किती जण? मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "फोर."

"आप्पा, आपण तिघं आहोत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. बाईंनी टेबलावर मांडलेली चौथी थाळी उचलून नेली. "सवय," ते म्हणाले.

मी टेबलाखाली फोन धरून लिहिलं, ‘तीनचे चार मोजले’. संध्याकाळी हॉटेलात ते शेजारच्या खोलीच्या दाराला आमचं कार्ड लावत उभे दिसले. तेही लिहिलं.

"आई, आय डू दॅट टू," इरा म्हणाली. "ऑल द डोअर्स लुक द सेम."

"तू सोळा वर्षांची आहेस," मी म्हटलं.

दुसरा दिवस, डोंगरात

दुसरी गाडी उत्तरेकडच्या डोंगरांत होती, जुन्या कोळसाखाणींच्या भागात. एकच रूळ, चढ, आणि दोन्ही बाजूंना मेपलची झाडं, इतकी लाल की बघून डोळे शिणतात. आमची गाडी अकराची होती. आप्पांनी आम्हाला साडेआठलाच फलाटावर उभं केलं. ड्यूटीवर वेळेआधी हजर व्हायचं, हे त्यांच्या हाडात आहे. त्यामुळे नऊची गाडी सुटताना आम्हाला बघायला मिळाली. मी कॉफी पीत होते, इरा फोटो काढत होती. आप्पा फलाटाच्या टोकाला जाऊन ती गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.

आमच्या गाडीची ड्रायव्हर एक बाई होती, मार्था. साठीची असेल, गालावर काजळी, गळ्यात रुमाल. आप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गार्डाचं काम करणारा डेल म्हणून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस होता, त्याने तिकिटं बघितली. गाडी गच्च भरलेली. पानांचे रंग बघायला आलेली माणसं, कागदी पेल्यांत सफरचंदाचा गरम रस, मांडीवर कुत्रीसुद्धा.

अर्ध्या वाटेवर जंगलात रुळाला एक फाटा आहे. तिथे आमची गाडी बाजूला उभी राहिली. वर गेलेली नऊची गाडी खाली येऊन पुढे गेली की आम्ही वर जायचं. दहा मिनिटांत ती शिट्टी देत आली, सगळ्यांनी हात हलवले, ती खडखडत निघून गेली. आमच्या इंजिनाने शिट्टी दिली आणि गाडी मुख्य रुळावर आली.

आप्पा उभे राहिले.

"मंजू, दिवा नव्हता."

"कसला दिवा?"

"मागचा. शेवटच्या डब्याले ना दिवा होता ना झेंडा. आन् पाचच डबे आले."

आपल्याकडे गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली असते आणि लाल दिवा, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तो दिवा म्हणजे गाडी संपली याची खूण. दिवा दिसला नाही, तर गाडी मध्येच तुटून तिचे काही डबे मागे रुळावर राहिलेत असं धरायचं आणि त्या रुळावर दुसरी गाडी सोडायची नाही. हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण त्या क्षणी मला एवढंच आठवलं, की काल या माणसाने तीनचे चार मोजले होते.

"आप्पा, बसा. पाचच असतील."

"सहा गेले होते. मी मोजले."

"बसा ना. लोक बघतायत."

गाडीने वेग घेतला. पुढे चढ होता, वळण होतं आणि वळणापलीकडचं काही दिसत नव्हतं. आप्पा आसनांना धरत दाराकडे निघाले. मी मागे धावले आणि त्यांच्या स्वेटरची बाही पकडली. "आप्पा, प्लीज." त्यांनी वळून माझी बोटं एकेक करून सोडवली. अजिबात जोर न लावता, लहान मुलाच्या मुठीतून वस्तू काढून घ्यावी तशी. मग हात वर करून त्यांनी लाल मूठ ओढली.

ब्रेक लागल्याचा तो आवाज मी विसरणार नाही. सगळे पुढे फेकले गेले. कोणाच्या तरी मांडीवर गरम रस सांडला, एक बाळ किंचाळलं, कुत्री भुंकायला लागली. मग पूर्ण शांतता, फक्त इंजिनाचा श्वास. चाळीसएक माणसं आमच्याकडे बघत होती. मला पोलीस दिसायला लागले, विमानतळावरचा प्रश्न विचारणारा अधिकारी दिसायला लागला, बातमी दिसायला लागली.

डेल धावत आला. "हू पुल्ड दॅट?"

आप्पांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

आणि मी पुढे झाले. मला कोणी काही विचारलं नव्हतं. "आय ॲम सो सॉरी," मी म्हटलं. "ही इज माय फादर. ही हॅज मेमरी इश्यूज. ही गेट्स कन्फ्यूज्ड."

सगळा डबा ऐकेल एवढ्या मोठ्याने म्हटलं. सगळ्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं, म्हणजे राग निवळेल. तो निवळलाही. डेलचा चेहरा एकदम मऊ झाला. "ओह. आय अंडरस्टँड," तो म्हणाला आणि त्याने आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. रस सांडलेली बाईसुद्धा कीव आल्यासारखं हसली.

आप्पांचं इंग्रजी म्हणजे रेल्वेचं इंग्रजी. पुस्तकी नाही, पण आपल्या कामापुरतं पक्कं. मेमरी आणि कन्फ्यूज्ड हे शब्द त्यांना कळतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या अनोळखी बाईने मध्ये तोंड घातलं तर जसं बघतील तसं. मग डेलचा हात खांद्यावरून बाजूला करून ते ताठ उभे राहिले.

"सर," ते म्हणाले, "सिक्स कोचेस गो. फाइव्ह कोचेस कम. नो टेल लॅम्प, नो फ्लॅग. सेक्शन नॉट क्लिअर."

डेल काहीतरी समजुतीचं बोलायला गेला आणि थांबला. त्याने खिडकीतून मागे पाहिलं, गाडी गेली त्या दिशेला. तिथे आता काहीच नव्हतं. मग त्याने रेडिओ तोंडाशी धरला आणि आमच्याकडे पाठ करून डब्याच्या टोकाला गेला.

आम्ही त्या जंगलात अर्ध्या तासाहून जास्त थांबलो. तो वेळ कसा काढला ते मलाच माहीत. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ जेवणाचं टेबल बुक केलंय, ते जाणार म्हणून कुरकुरत होता. इरा आप्पांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिली. मी समोर. मी मनातल्या मनात देवाला दोन उलट्या गोष्टी मागत होते. वर रुळावर काही नसू दे, नाहीतर आपण सगळे गेलो असतो. आणि आप्पा बरोबर असू देत. सहा होते की पाच? मी तिथेच उभी होते, हातात कॉफी घेऊन, आणि मी एकदाही मोजलं नव्हतं.

शेवटी खडीवर पावलं वाजली. मार्था स्वतः इंजिनावरून उतरून आली होती. ती सरळ आप्पांसमोर उभी राहिली आणि हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. वरच्या स्टेशनात एका डब्याचा ब्रेक चिकटला होता, म्हणून तो डबा तिथेच बाजूच्या रुळावर काढून ठेवला. तिला ते रेडिओवर कळवलेलं होतं; तरी आता थांबून तिने वर पुन्हा खात्री करून घेतली होती. वाट मोकळी होती, धोका कोणालाच नव्हता. पण लाल झेंडा त्या काढलेल्या डब्यावरच राहिला. परतीच्या गाडीला तो लावायला हवा होता आणि तो नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

"आय लुक्ड ॲट देअर इंजिन," ती म्हणाली. "आय डिडन्ट लुक ॲट द टेल. यू डिड."

तिने हात पुढे केला. आप्पांनी तो धरला.

"यू ड्रायव्हर?" त्यांनी विचारलं.

"येस, सर."

"गुड. स्टार्टिंग व्हेरी स्मूथ."

वरच्या स्टेशनात तो डबा खरंच उभा होता, एकटाच, बाजूच्या रुळावर, आणि त्याच्या पाठीला लाल झेंडा फडफडत होता. इराने फोटो काढला. आप्पांनी तिकडे पाहिलं नाही. ते बाकावर बसून डबीतली चटणी पावाला लावून खात होते, आणि मी शेजारी बसले तेव्हा थोडे सरकले. मला जागा करून द्यायला असेल. मला तसं वाटलं नाही.

हॉटेलकडे ड्राइव्ह करताना मागून इरा म्हणाली, "यू शुडन्ट हॅव सेड दॅट, आई." आप्पा खिडकीबाहेर बघत होते. मी सॉरी म्हणायला हवं होतं. पण घरी आम्ही एकमेकांना सॉरी कधी म्हटलंच नाही, आणि इंग्रजीतून म्हणायची हिंमत नव्हती. सकाळी अनोळखी लोकांना ते किती चटकन म्हटलं होतं!

तिसरा दिवस, बागेत

रविवारी परतीच्या वाटेवर एका बागेत थांबायचं आधीच ठरवलं होतं. तिथे काही हौशी म्हाताऱ्यांचा एक क्लब आहे. त्यांनी तळ्याभोवती वीतभर रुंदीचे रूळ टाकलेत आणि गुडघ्याएवढी वाफेची इंजिनं स्वतः घडवलीत. ड्रायव्हर इंजिनामागे उकिडवा बसतो आणि चमच्याएवढ्या फावड्याने कोळसा घालतो. मला वाटलं होतं आप्पा कारमधून उतरणारच नाहीत. पण सकाळी हॉटेलात ते सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले होते, दाढी करून.

या गाडीचे डबे म्हणजे लांब बाक. घोड्यावर बसल्यासारखं पाय दोन्हीकडे टाकून एकामागे एक बसायचं. आप्पा आधी गाडीच्या मागे गेले आणि वाकून बघितलं. शेवटच्या बाकाला बोराएवढा लाल दिवा होता, आणि तो लागत होता. मग ते येऊन बसले आणि मला म्हणाले, "माझ्यामागं बस." इरा तळ्याच्या काठावरून व्हिडिओ काढणार होती.

गाडी निघाली. गुडघे हनुवटीशी, समोर आप्पांची पाठ, मानेवर नुकत्या कापलेल्या पांढऱ्या केसांची रेघ. पाठ माझ्याकडे ठेवूनच ते बोलायला लागले.

"तिकीट कुठलं काढून राहिली? नागपूरचं का पुण्याचं?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले काहून पायजे? तिकीट मुंबईपर्यंतच आहे, मले वाचता येते ना. आन् दादा आजकाल फोनवर तारीख विचारते. त्यानं कधी तारीख विचारली होती मले?"

गाडी तळ्याला वळसा घालत होती. बदकं बाजूला झाली.

"आप्पा, काल मी जे बोलले..."

"ते राहू दे. काल मी बरोबर होतो."

"हो."

"पण त्यानं काही होत नाही, मंजू. रोज सकाळी मी काही ना काही मोजतो. पायऱ्या, दिवे, डबे. किती उरलं ते पायतो. काल बरोबर आलं. परवा जेवाले गेलो, तवा मी चार म्हटलं. तुले सांगतलं, सवय. सवय नव्हती ते." पुढे इंजिनाने शिट्टी दिली. "तुझी आई हात धुवाले गेली आहे, असंच वाटलं मले. थाळी उचलून नेली, तवा ध्यानात आलं."

पुढे एक छोटा बोगदा होता, सायकलच्या शेडएवढा. आम्ही आत गेलो, धुराने काही दिसेना. मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि रडले. बोगदा संपल्यावर मी सरळ बसले.

"नागपूरचं काढ," ते म्हणाले. "अजून काही दिवस मले माझ्या घरी राहू दे. पण असं सोडू नका. गाडी पोचली की स्टेशनमास्तर मागचा दिवा पायते आन् मागच्या स्टेशनले फोन करते, गाडी पूर्ण आली. तोवर दुसरी गाडी सुटत नाही. तसा मी रोज संध्याकाळी सात वाजता तुले फोन करीन. गाडी पूर्ण आली, एवढंच म्हणीन. तू लाईन क्लिअर म्हणशील. ज्या दिवशी फोन नाही आला, त्या दिवशी समजून घेजो का मागं काही राहिलं. मग पुण्याचं तिकीट काढा. मी साखळी ओढणार नाही."

फेरी संपली. क्लबातल्या एका आजोबांनी आप्पांना हात देऊन उठवलं आणि तुम्हाला चालवायची आहे का, असं खुणेने विचारलं. पुढचा पाऊण तास माझे वडील गुडघ्याएवढ्या इंजिनामागे उकिडवे बसून पोराटोरांना तळ्याभोवती फिरवत होते. प्रत्येक फेरीआधी ते मागे वळून लाल दिवा बघत.

संध्याकाळी पार्सिपनीला पोचल्यावर मी दादाला फोन केला. सहा आणि पाचची गोष्ट त्याला अगदी रंगवून सांगितली. तो कितीतरी वेळ हसत होता. "म्हणजे म्हातारा आपल्याहून तल्लख आहे," तो म्हणाला, आणि सोमवारी त्याने ती खोली नको म्हणून कळवलं. थाळीचं मी त्याला सांगितलं नाही.

परत पार्सिपनी

तर अशी ही तीन दिवसांची सहल. जायचं असेल तर पानगळीच्या आधी जा, डोंगरातल्या गाडीची तिकिटं आधी काढा आणि बागेतल्या छोट्या गाडीला हसू नका.

आप्पा नागपूरला परतले. त्यांच्या संध्याकाळी सात वाजता इथे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसते. फोन येतो. "गाडी पूर्ण आली." "लाईन क्लिअर, आप्पा." मग कधी ते भाज्यांचं सांगतात, कधी गुडघ्याचं, कधी काहीच न बोलता ठेवून देतात. अडीच महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. फोनमधली ‘आप्पा’ नावाची नोट मी केव्हाच पुसून टाकली होती.

मागच्या मंगळवारी बर्फ पडत होता. साडेआठला फोन आला, गाडी पूर्ण आली, मी लाईन क्लिअर म्हटलं. त्यांनी वाटाणे स्वस्त झाल्याचं सांगितलं. मी बॅग आवरली, हातमोजे घातले, दार उघडणार तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. आठ पन्नास झाले होते.

"मंजू, आज उशीर झाला पोरी, माफ कर," आप्पा म्हणाले. धापा टाकत होते. "ध्यानातच नव्हतं. गाडी पूर्ण आली."

फोन आला नाही तर काय करायचं, ते आमचं ठरलं होतं. दोनदा आला तर काय, ते कोणीच ठरवलं नव्हतं. त्यांनी मला पुन्हा वाटाण्यांचं सांगितलं. मी ऐकलं.

"लाईन क्लिअर, आप्पा," मी म्हटलं.

काचेवर बर्फ साचत होता. मी हातमोजे काढले, दादाला फोन लावला आणि त्याला आधी थाळीचं सांगितलं.